ब्लँकच्या पट्टीवरचा डाग

गेल्या पावसाळ्यात, चतुर्थीची सुट्टी चार दिवसांवर आलेली असताना, आमच्या प्रयोगशाळेतल्या अतिनील दिव्याखाली धरलेल्या एका टीएलसी पट्टीवर (मिश्रणातले घटक वेगवेगळ्या उंचीवर डागांच्या रूपात दाखवणारी ही पट्टी), जिथे काहीही दिसायला नको होते नेमक्या त्याच उंचीवर, एक गडद डाग दिसला. पट्टी ब्लँकची होती, म्हणजे त्या फ्लास्कमध्ये अभिक्रियेचे सगळे घटक होते, फक्त उत्प्रेरक घातलेला नव्हता. माझ्या विद्यार्थिनीने दिवा बंद करून पुन्हा लावला, पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "सर, माझ्याच हातून चुकून घातलं गेलं असणार." मी तिला तीच अभिक्रिया पुन्हा लावायला सांगितली. संध्याकाळी पुन्हा तोच डाग आला.

मी गोव्यात फोंड्याला राहतो. नोकरीची पहिली काही वर्षे वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात काढली आणि त्यानंतर आजवर कार्बनी रसायनशास्त्र शिकवत आलो आहे. या डागाबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले, कारण धातूंच्या नॅनोकणांना उत्प्रेरक म्हणताना आपण नेमके काय म्हणतो, हा प्रश्न कारखान्यात असताना मला कधी पडला नव्हता आणि शिकवायला लागल्यावरही मी तो फारसा गांभीर्याने घेतला नव्हता.

तिच्या प्रकल्पात भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीच्या अर्काने पॅलेडियमचे नॅनोकण तयार करायचे होते आणि ते सुझुकी-मियाउरा अभिक्रियेत वापरायचे होते. 1979 साली प्रसिद्ध झालेली ही अभिक्रिया दोन बेंझीन कड्यांना जोडते. एका कडीवर आयोडीन किंवा ब्रोमीन असते, दुसरीवर बोरॉनिक आम्लाचा गट असतो, आणि पॅलेडियम मध्ये उभे राहून दोघींची गाठ बांधून देते. रक्तदाबावरच्या लोसार्टनच्या रेणूत अशाच जोडलेल्या दोन कड्या आहेत. पॅलेडियमच्या साहाय्याने कार्बन-कार्बन बंध जोडण्याच्या या शास्त्राला 2010 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते हेक, नेगिशी व सुझुकी यांना विभागून देण्यात आले.

आम्ही आयोडोबेंझीन न घेता 4-आयोडोॲनिसोल घेतले होते. हा तपशील किरकोळ वाटेल, पण तो नसता तर पुढचे सगळे धुक्यात राहिले असते. आयोडोबेंझीन आणि फिनाइलबोरॉनिक आम्ल जोडले की बायफिनाइल मिळते. मात्र बोरॉनिक आम्लाचे दोन रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने आपापसातच जोडले गेले, तरीही बायफिनाइलच मिळते, आणि कोणते बायफिनाइल कुठून आले ते ओळखायला काही साधन उरत नाही. एका कडीला मेथॉक्सी गटाची शेपटी असली की खऱ्या जोडणीचे उत्पादन वेगळे ओळखता येते. ब्लँकमधला डाग शुद्ध 4-मेथॉक्सीबायफिनाइलच्या शेजारी चालवून पाहिला, तो तंतोतंत जुळला. म्हणजे पॅलेडियम न घालता पॅलेडियमचे काम झाले होते.

धातूचे तुकडे जितके बारीक तितका त्यांचा पृष्ठभाग जास्त, हे शाळेतले गणित आहे, पण आकडे मांडून पाहिल्याशिवाय त्याचा आवाका लक्षात येत नाही. एक सेंटिमीटर बाजूचा पॅलेडियमचा ठोकळा साधारण 12 ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच 10 नॅनोमीटर बाजूचे ठोकळे केले, तर धातू तेवढाच राहून पृष्ठभाग 600 चौरस मीटर होतो. आणखी खाली गेलो की अणू मोजता येऊ लागतात. अणूंचे थर एकावर एक नीट रचून 55 अणूंचा कण केला, तर त्यातले 42 अणू बाहेरच्या कवचावर असतात. 309 अणूंच्या कणात 162 बाहेर आणि 147 आत. आतले अणू अभिक्रियेच्या दृष्टीने निव्वळ बसून असतात, आणि पॅलेडियमसारख्या महाग धातूच्या बाबतीत बसून असलेला प्रत्येक अणू खिशाला जाणवतो.

कारखान्यात आम्ही याला नॅनो म्हणत नव्हतो. आम्ही त्याला "दहा टक्के पीडी-सी" म्हणायचो. कोळशाच्या पुडीवर बसवलेले पॅलेडियम हे वस्तुतः काही नॅनोमीटर आकाराच्या कणांचेच असते, आणि नॅनो हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधीपासून जगभर नायट्रो गटाचा अमाइन करायला किंवा बेंझिल गट काढून टाकायला ही काळी पूड वापरली जात आहे. त्याआधी निकेल होते. बारीक केलेल्या धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन जोडण्याच्या पद्धतीसाठी साबातिए यांना 1912 साली नोबेल मिळाले होते. या पुडीचा पृष्ठभाग किती जागा असतो, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो. हायड्रोजनेशन, म्हणजे हायड्रोजन जोडण्याची अभिक्रिया, झाल्यावर मिश्रण सेलाइट नावाच्या बारीक गाळण-पुडीच्या थरावरून गाळतात आणि गाळणीवरचा काळा लगदा कधीही कोरडा होऊ द्यायचा नसतो. मी तो होऊ दिला. निर्वात पंप चालू ठेवून मी नोंदवहीत दोन ओळी लिहायला वळलो, आणि परत पाहतो तर मिथेनॉलने ओलसर असलेल्या गाळणकागदाच्या कडेवर एक ठिणगी तांबूस होऊन सरकत होती आणि पाहता पाहता कागद पेटला. धातूने धरून ठेवलेला हायड्रोजन, हवेतला ऑक्सिजन आणि मिथेनॉलची वाफ एवढ्यावर आग लागते, काडी लागत नाही. जवळच पाण्याची बाटली होती म्हणून निभावले. तेव्हापासून मी आधी नायट्रोजन, मग पूड, मग द्रावक हा क्रम विद्यार्थ्यांकडून संध्येसारखा घोकून घेतो.

हायड्रोजनेशनमध्ये काम खरोखर कणाच्या पृष्ठभागावरच होते. हायड्रोजनचा रेणू धातूवर येऊन फुटतो, त्याचे अणू पृष्ठभागावर पसरतात आणि तिथेच येऊन टेकलेल्या रेणूला चिकटतात. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात हे डोळ्यांनी दिसते. 4-नायट्रोफिनॉलच्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइड घातले की ते हळदीसारखे पिवळे होते आणि पिवळेच राहते. त्यात सोन्याच्या किंवा चांदीच्या नॅनोकणांचे चार थेंब टाकले की काही मिनिटांत रंग फिका होत होत पाणी होते. वर्णपटमापकावर 400 नॅनोमीटरचे शिखर खाली बसते आणि 300 च्या आसपास 4-ॲमिनोफिनॉलचे छोटे शिखर वर येते. हेच ॲमिनोफिनॉल पुढे पॅरासिटामॉल करायला लागते. इथे कण हा कामगार आहे, आणि तो कामावर हजर असताना त्याला आपण पाहू शकतो.

जोडणीच्या अभिक्रियांमध्ये मात्र तसे नसते, आणि माझी विद्यार्थिनी ज्या डागापाशी अडली तो प्रश्न इथून सुरू होतो. आयोडोॲनिसोलचा रेणू पॅलेडियमच्या कणाला भिडतो तेव्हा तो कडेच्या एखाद्या अणूला स्वतःला जोडून घेतो. त्या अणूचे ऑक्सिडीकरण झालेले असते, त्याची कणावरची पकड सुटते, आणि तो द्रावणात उतरतो. पुढची सगळी जोडणी द्रावणातच होते. काम आटोपले की तो अणू पुन्हा धातुरूप होतो आणि मिळेल त्या कणावर जाऊन बसतो. म्हणजे हा कण कामगार नाही, कामगारांचे कोठार आहे, आणि त्याला उत्प्रेरक म्हणणे हे भातगिरणीला शेत म्हणण्यासारखे आहे. प्रत्येक अभिक्रियेत असेच घडते असे माझे म्हणणे नाही. द्रावणातले सुटे अणू, लहान पुंज आणि मोठे कण हे सगळे एकाच फ्लास्कमध्ये एकमेकांत बदलत राहतात, असे अनानिकोव्ह आणि बेलेत्स्काया या रशियन रसायनशास्त्रज्ञांनी मांडले, आणि त्याला त्यांनी "कॉकटेल" असे नावच दिले. त्या मिश्रणातला कोणता घटक काम करतो हे दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे, आणि बहुतेक निबंधांत ती पार पाडलेली नसते, असे माझे मत होत चालले आहे.

याच प्रकारातली एक गंमत अशी. नेदरलँड्समधल्या डी व्रीस आणि सहकाऱ्यांनी 2003 साली हेक अभिक्रियेत (तीही पॅलेडियमने कार्बन-कार्बन बंध जोडणारी) लिगंड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा सोबती रेणू, न वापरता केवळ 0.01 ते 0.1 मोल टक्के पॅलेडियम घेतले, आणि या मात्रेला त्यांनी थट्टेने होमिओपॅथिक म्हटले. पॅलेडियम वाढवले तर अभिक्रिया सुधारायला हवी, पण ती बिघडते, कारण सुट्या अणूंची गर्दी झाली की ते एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि शेवटी फ्लास्कच्या तळाशी काळे बसतात. ते काळे पॅलेडियम मी कारखान्यात शेकडो वेळा पाहिले होते आणि प्रत्येक वेळी ते "उत्प्रेरक मेला" या एका वाक्यात उडवून लावले होते.

आता भिरंडाबद्दल. वनस्पतींच्या अर्काने नॅनोकण करण्याची लाट आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून सुरू झाली असे म्हणता येईल. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली कडुनिंबाच्या पानांच्या अर्कातून सोन्याचांदीचे कण आणि गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी पत्रे तयार करून दाखवले होते. त्यानंतर परसात उगवणारे एकही झाड सुटले नाही. पानातले पॉलिफिनॉल धातूच्या आयनांना क्षपित करतात आणि तयार झालेल्या कणांना वेढूनही बसतात, हे तत्त्व खरे आहे. पण अर्क हे रसायन नव्हे, ते मिश्रण आहे, आणि प्रत्येक वेळी ते वेगळे असते. माझ्या विद्यार्थिनीला पहिल्या आठवड्यात म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या सोलांनी उत्तम निकाल दिला आणि पुढच्या आठवड्यात तिच्या आजीने घरच्या झाडाची ताजी फळे पाठवली, त्यांच्या सालीने काहीच दिले नाही. दोन दिवस डोके खाजवल्यावर कारण सापडले ते स्वयंपाकघरातले होते. बाजारातल्या सोलांना मीठ लावलेले असते. पॅलेडियम क्लोराइड नुसत्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण मिठाच्या पाण्यात त्याचा टेट्राक्लोरोपॅलेडेट होतो आणि तो सहज विरघळतो. ताज्या सालीत मीठ नव्हते, म्हणून तपकिरी पूड तळाशी तशीच बसून राहिली. आधी सोडियम क्लोराइड वजन करून घातले तेव्हा दोन्ही साली सारख्याच वागू लागल्या. पद्धतीच्या विभागात "सोलांचा अर्क घेतला" एवढेच लिहून ती मोकळी झाली असती, तर बेळगावात बसून तो प्रयोग पुन्हा करणाऱ्या कोणाला हे कधीच कळले नसते.

आणखी एक खोड इथे नोंदवून ठेवतो, कारण ती दरवर्षी तपासायला येणाऱ्या प्रबंधांत दिसते. सोन्याच्या गोल कणांना 520 नॅनोमीटरच्या आसपास आणि चांदीच्या कणांना 400 च्या आसपास प्रकाश शोषणाचे शिखर असते, त्याला प्लाझमॉन शिखर म्हणतात, आणि म्हणूनच ते द्रावण लालबुंद किंवा पिवळे दिसते. पॅलेडियमच्या लहान कणांना दृश्य प्रकाशात असे टोकदार शिखर नसते. द्रावण नुसते गडद तपकिरी होते आणि आलेख डावीकडे सावकाश चढत जातो. तरीही मुले पॅलेडियमच्या आलेखावर कुठेतरी बाण काढून "प्लाझमॉन शिखर" लिहितात, आणि भिरंडाचा अर्क मुळातच लाल असल्यामुळे बाण काढायला जागाही मिळते.

ब्लँकमध्ये पॅलेडियम कुठून आले याचा शोध घेताना मी तिला आधी एक जुनी गोष्ट सांगितली. 2003 साली लेडबीटर आणि मार्को यांनी पाण्यात, सूक्ष्मलहरींच्या भट्टीत, कोणताही संक्रमण धातू न घालता सुझुकी जोडणी होते असे प्रसिद्ध केले होते. प्रयोगात खोट नव्हती, उत्पादन खरेच मिळत होते. दोन वर्षांनी त्याच गटाने स्वतःच फेरतपासणी प्रसिद्ध केली आणि सांगितले की बाजारातून घेतलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात 50 भाग इतके पॅलेडियम होते आणि काम तेच करत होते. एक किलो सोड्यात 50 मायक्रोग्रॅम म्हणजे नगण्यच. पण एका ग्रॅम सोड्यातल्या त्या 50 नॅनोग्रॅममध्येही पावणेतीन कोटी कोटींच्या वर अणू असतात, आणि प्रत्येक अणू पुन्हा पुन्हा कामाला लागतो. स्वतःच्या दाव्याची अशी जाहीर दुरुस्ती करणाऱ्यांबद्दल मला त्या मूळ दाव्यापेक्षा कितीतरी जास्त आदर वाटतो. 2021 मध्येही अमाइनने सुझुकी जोडणी होते असा मोठा गाजावाजा झाला होता, आणि काही महिन्यांत तो निबंध मागे घ्यावा लागला, कारण ते अमाइन बनवताना वापरलेले पॅलेडियम त्यातच राहून गेले होते.

आम्ही पोटॅशियम कार्बोनेटची नवी बाटली फोडली, डाग आला. द्रावक ऊर्ध्वपातन करून घेतले, डाग आला. नवा फ्लास्क घेतला, डाग जरा फिका झाला पण आला. शेवटी मी चुंबकीय ढवळणीची टेफ्लॉनची कांडी चिमट्याने उचलून खिडकीपाशी धरली. बाहेर पाऊस लागला होता आणि उजेड बेताचाच होता, तरी कांडीच्या मधल्या वळ्याजवळ राखाडी छटा दिसत होती आणि टोकाशी केसासारखे बारीक ओरखडे होते. साबणाने धुतल्यावर पांढरी स्वच्छ वाटणारी ती कांडी आमच्याकडे कित्येक वर्षे पॅलेडियमच्या अभिक्रियांत फिरत आली होती. टेफ्लॉनच्या अशा ओरखड्यांत धातू अडकून बसतो आणि पुढच्या अभिक्रियेत उत्प्रेरक म्हणून जागा होतो, हे अनानिकोव्ह यांच्या गटाने 2019 साली दाखवले होते. मी तो निबंध वाचलाही होता. वाचलेले आणि आपल्या ड्रॉवरमधल्या कांड्या यांचा संबंध मात्र मी कधी जोडला नव्हता.

नव्या कोऱ्या कांडीने ब्लँक लावला. पट्टी कोरी आली.

यानंतर तिची आधीची सगळी कोष्टके पुन्हा करावी लागणार होती, आणि चतुर्थीला घरी जाण्याऐवजी तिने त्यांतली निम्मी त्या आठवड्यात केली. पुनर्वापराच्या कोष्टकाकडे मी या वेळी जास्त कडक नजरेने पाहिले. असे कोष्टक जवळपास प्रत्येक निबंधात असते, उत्प्रेरक पाच वेळा वापरला आणि उतारा 96, 95, 95, 94, 93 टक्के मिळाला, अशा धर्तीचे. आता समजा अभिक्रिया मुळात 20 मिनिटांत पूर्ण होते, आणि तुम्ही ती सोयीसाठी रात्रभर, म्हणजे 12 तास, चालू ठेवता. दर फेरीत उत्प्रेरकाची ताकद निम्मी होत गेली, तर लागणारा वेळ 20, 40, 80, 160 आणि 320 मिनिटे असा वाढत जाईल. पाचव्या फेरीत उत्प्रेरकाचे पंधरा आणे निघून गेलेले असतील, तरी 12 तासांत अभिक्रिया पूर्णच होईल आणि कोष्टकात 93 टक्केच दिसतील. पुनर्वापर तपासायचा तर अभिक्रिया अर्धवट असताना, सुरुवातीच्या मिनिटांत, तपासायला हवा. तिने दहाव्या मिनिटाला नमुना काढायचे ठरवले. पहिल्या फेरीत निम्म्याच्या आसपास काम झाले होते, दुसरीत त्याच्याही निम्मे, आणि तिसरीत पट्टीवर जेमतेम दिसेल एवढे.

चुंबकाचा मोह तिलाही झाला होता. मॅग्नेटाइटच्या कणांवर पॅलेडियम बसवले की फ्लास्कला बाहेरून चुंबक लावून पूड एका बाजूला गोळा करता येते, गाळायची भानगड नाही. इथल्या किनाऱ्यांवरच्या वाळूत चुंबक फिरवून काळे दाणे गोळा करण्याचा खेळ आम्ही सगळ्यांनीच लहानपणी केलेला आहे, त्यामुळे कल्पना लगेच पटते. पण कणापासून सुटून द्रावणात उतरलेले पॅलेडियम चुंबकाला जुमानत नाही. ते सुटले आहे का हे पाहायला गरम असतानाच गाळावे लागते, कारण थंड होऊ दिले की सुटलेले अणू पुन्हा कणांवर जाऊन बसतात आणि गाळलेले द्रावण निर्दोष दिसते. तिने मिश्रण ऐंशी अंशांवर असतानाच, आधीच तापवून ठेवलेल्या सिंटर्ड फनेलमधून (सच्छिद्र काचेची चकती बसवलेल्या गाळणीतून), हात भाजत गाळले. गाळलेल्या द्रावणात डोळ्यांना काहीही दिसत नव्हते, आणि ते पुन्हा तापवत ठेवल्यावर त्यातली अभिक्रिया पुढे चालूच राहिली. भिरंडाचा कण कोठार निघाला.

औषध कारखान्याच्या दृष्टीने ही माहिती थेट उपयोगाची आहे. पोटात घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम जाऊ नये, आणि टोचून घ्यायच्या औषधातून 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा आहे. कण पृष्ठभागावरच काम करत असेल तर चांगली गाळणी पुरते. तो अणू सोडत असेल तर गाळणीने काही होत नाही, गंधकाचे गट बसवलेली सिलिका किंवा तसेच काही वापरून धातू ओढून घ्यावा लागतो, आणि त्याचा खर्च उत्प्रेरकाच्या किमतीत धरावा लागतो. पुन्हा वापरता येणारा म्हणून जो स्वस्त ठरवलेला असतो, त्याचा हिशेब इथे फिरतो.

जुन्या कांड्या आम्ही अम्लराजात, म्हणजे असे धातू विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणात, बुडवून ठेवल्या. काही पांढऱ्या झाल्या, दोन तशाच राखाडी राहिल्या, त्या टाकून दिल्या. प्रबंधाच्या मथळ्यातला "पुनर्वापरयोग्य" हा शब्द तिने स्वतःहून काढला, आणि पहिल्या प्रकरणानंतर ब्लँकचे एक स्वतंत्र पान घातले. त्यात नव्या कांडीची आणि जुन्या कांडीची पट्टी शेजारी शेजारी छापलेली आहे. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी तिला विचारले, की इतरांचे उत्प्रेरक पाच-सहा वेळा चालतात, मग तुमचा तीन वेळातच कसा थकला. तिने कोष्टक उघडून दहाव्या मिनिटाच्या रकान्यावर बोट ठेवले आणि त्यांना विचारले, "सर, त्यांनी नमुना कितव्या मिनिटाला काढला होता?"